फक्कीची बाग

सकाळी सात वाजता मी मैदानावर पोचले, तेव्हा माझी बाग जागेवरून हलली होती.

आधी वाटलं, धुक्याचा खेळ असेल. सोलापुरात थंडी तशी नावापुरतीच, पण त्या जानेवारीत बंद पडलेल्या मिलमागच्या तळ्यावरून पहाटे धुकं चढायचं आणि मैदानावर गुडघाभर उंचीनं पसरून राहायचं. वस्तीतल्या यंत्रमागांचा खडखडाट चारी बाजूंनी येत होता, विड्यांच्या तंबाखूचा वास येत होता आणि धुक्याखाली मातीवर पांढऱ्या रेषा दिसत होत्या. त्या मीच मारल्या होत्या. पण फाटकाच्या जागेपासून मिलच्या भिंतीपर्यंत दोरी लावून सरळसोट आखलेली माझी मुख्य वाट आता अर्ध्यावरच कडुलिंबाखालून वळत होती आणि फिरून माझ्या पायाशी येत होती.

मी हातात टेप धरून तशीच उभी राहिले. मग मला राग आला. तेव्हा मी अठ्ठावीस वर्षांची होते, राग नाकावर असायचा, आणि माझी सही असलेला तो पहिलाच आराखडा होता.

आमचे उकिडवेसर पुण्यात बागांचे आराखडे करत. त्यांची एक पद्धत होती. कागदावरचा नकाशा वस्तीतल्या माणसाला वाचता येत नाही; तो आपल्यासमोर मान डोलावतो आणि बाग झाल्यावर शिव्या देतो. म्हणून सर आधी जमिनीवरच खऱ्या मापाची बाग आखायला लावत. खुंट्या, सुतळी आणि फक्की, म्हणजे खेळाची मैदानं आखतात ती पांढरी भुकटी. वाट वाटेएवढी, बाक बाकाएवढा. मग आठ दिवस तिकडे फिरकायचं नाही, लोकांना त्यात चालू द्यायचं, आणि नंतर जाऊन विचारायचं. उंटावरून शेळ्या हाकायच्या नाहीत, असं त्यांचं म्हणणं. स्वतः ते पुण्यात बसत आणि शेळ्यांमागे मला पाठवत, हा भाग वेगळा.

आठ दिवसांपूर्वीच्या रविवारी मी दोन मजूर घेऊन ही बाग आखली होती. पहिला तासभर वस्तीतल्या बायका घाबरून दारात उभ्या होत्या. कुणाकुणाची घरं पाडणार, असं त्यांनी मला तीन वेळा विचारलं. फक्कीच्या रेषा त्यांनी आजवर त्याच कामासाठी पाहिल्या होत्या. बाग होणार म्हटल्यावर एकेक बाई पुढे आली. दुपारपर्यंत फक्कीनं आखलेल्या तळ्याच्या चौकोनात लहान मुली फ्रॉक वर धरून चालायला लागल्या होत्या. बोम्मय्या नावाचे एक म्हातारे विणकर बाकाच्या आयतात जाऊन बसले, तेसुद्धा पाठ ताठ ठेवून, मागे टेकायला काही असल्यासारखे. मी बघत राहिले. जागेवर मातीशिवाय काहीच नव्हतं आणि माणसं बागेत आली होती.

त्याच दिवशी मी मल्लेशमला पाहिलं.

उंचापुरा, तिशीच्या आसपासचा माणूस. मजूर सुतळी ताणत होते आणि हा आपला मैदानाला फेऱ्या घालत होता. कुणाकडे बघणं नाही, बोलणं नाही, वेग कमी-जास्त नाही. सुतळी आडवी आली की ओलांडायचा आणि पुढे जायचा. त्याच्यामागे पाच-सहा पावलांवर त्याची आई, नरसूबाई येमूल. ठेंगणी, काटक, साठीला टेकलेली. तिच्या पदराचं टोक एका लांब चिंधीला बांधलं होतं आणि चिंधीचं दुसरं टोक त्याच्या मनगटाला. तो जन्मापासून असाच असल्याचं बोम्मय्यांनी सांगितलं. घरात त्याला बसवत नाही. सकाळी चालला की दिवसभर शांत असतो, नाही चालला तर डोकं आपटून घेतो. विड्या वळायच्या वेळेला ती त्याला खांबाला बांधून ठेवते. दुसरा काय इलाज, असं ते म्हणाले आणि आपल्या बाकावर परत जाऊन बसले.

संध्याकाळी नरसूबाई माझ्यापाशी थांबली. थांबली म्हणजे मल्लेशम माझ्या बाजूनं जात होता तेवढ्यापुरती.

"म्याडम, बाग झाली की ह्याला आत सोडतेत का?"

मी म्हटलं, "बाग सगळ्यांची आहे, नरसूबाई."

तिच्या शेजारची बाई तोंडाला पदर लावून हसली. कुंपण झालं की पहिला ह्यालाच हाकलतील, असं तिचं मत पडलं. दिवाळीत मल्लेशमच्या वाटेत एक लहान पोर उभी राहिली होती. तो थांबला नाही, पोर पडली, कपाळाला खोक पडली. तेव्हापासून मैदानासमोरचे एक यंत्रमाग कारखानदार त्याला बघितलं की दगड उचलायचे. नरसूबाईनं हे सगळं मान खाली घालून ऐकलं. मग चिंधी ताणली गेली आणि ती पुढे निघून गेली.

मी तिला दिलेलं उत्तर मला तेव्हा फार आवडलं होतं. पुण्याला परतताना गाडीत ते दोन-तीनदा मनातल्या मनात म्हणूनही पाहिलं.

आणि आता हे. बारा वाजता सर पुण्याहून येणार होते, त्यांच्याबरोबर भागाचे नगरसेवक दासरीअण्णा जागा बघणार होते, आणि संध्याकाळी आराखडा मंजुरीला जायचा होता. एकदा गेला की त्यात इंचाचा बदल व्हायचा नव्हता. मी टेप लावून मोजायला सुरुवात केली. काहीच जागेवर नव्हतं. तिपण्णा नावाचा एक पाय गेलेला माणूस तीनचाकी हातानं चालवत यायचा. त्याच्या घराकडचं वळण हातभर रुंद झालं होतं आणि तिथल्या मी काढलेल्या दोन पायऱ्या नाहीशाच झाल्या होत्या. बाकांची तोंडं फिरली होती. मी ती फुलांकडे केली होती, कुणीतरी ती एकमेकांकडे केली होती. घसरगुंडी वाटेपासून उचलून पार दुसऱ्या टोकाला नेली होती.

बोम्मय्या आपल्या जागी होतेच. हे कुणी केलं, असं मी त्यांना जरा जोरातच विचारलं.

"कुणी म्हंजे? बायांनी. वाऱ्यानं पुसतंय की. पुसलेला मुग्गू तसाच ठेवत न्हाईत आमच्यात."

मुग्गू म्हणजे वस्तीतल्या तेलुगू घरांतली रांगोळी. पहाटे दारात सडा घालून रोज ती काढायची, अर्धी पुसलेली ठेवायची नाही. वस्तीतल्या बायकांनी माझी बागही त्याच हिशोबात धरली होती. रोज पहाटे दहा-बारा जणी यायच्या, आपापला तुकडा वाटून घ्यायच्या आणि पुसट झालेल्या रेषा चिमटीनं पुन्हा भरायच्या. भरताना जिला जे खटकलं, ते तिनं थोडं सरकवलं. दुसऱ्या दिवशी आणखी थोडं. आठ दिवसांत बाग अशी चालत चालत इथवर आली होती, आणि त्यांच्या लेखी कुणीच काही बदललं नव्हतं.

तिपण्णाचं वळण मला पटलं, खरं सांगायचं तर पायऱ्यांची लाजही वाटली. पण माझी मुख्य वाट मी सोडायला तयार नव्हते. फाटकातून आत आल्याबरोबर नजर सरळ भिंतीपर्यंत जायला हवी, शेवटी विसाव्याचा चौथरा, त्यावर वेल. परीक्षेत मला याच कल्पनेला बक्षीस मिळालं होतं. तिच्या जागी ही गोल वाट कुठंच जात नव्हती. नुसती स्वतःभोवती फिरत होती. मधोमध एक ठिपका, त्याभोवती पाकळ्या, वर हळद-कुंकू आणि एक शेवंतीचं फूल. मला वाटलं, कुणीतरी हौसेनं काढलंय.

मी मजुरांनी ठेवलेला खराटा घेतला आणि भिंतीकडची दहा-बारा हात गोलाई पुसून टाकली. सुतळी लावली. फक्कीचा डबा घेऊन माझी सरळ रेषा पुन्हा भिंतीपर्यंत नेली. हात झाडले, तेव्हा धुक्यातून मल्लेशम येताना दिसला.

त्याच्या मनगटाला चिंधी नव्हती. नरसूबाई लांब फाटकापाशीच उभी होती. तो पांढऱ्या रेषेला डावं पाऊल लावून येत होता, अगदी काठाकाठानं, आणि त्याचा चेहरा मी आठ दिवसांपूर्वी पाहिला तसा आवळलेला नव्हता. ओठ हलत होते. तो गुणगुणत होता. मी बाजूला झाले. तो कडुलिंबाखालून वळला, माझ्या जवळून गेला, आणि गोलाई संपली तिथं माझ्या रेषेला लागला. सरळ गेला. भिंतीपाशी रेषा संपली. तो थांबला.

गुणगुणणं थांबलं. तो पुढे-मागे झुलायला लागला. मग त्यानं कपाळ भिंतीवर आपटलं. आवाज फार मोठा नव्हता, पण मला तो अजून ऐकू येतो.

नरसूबाई साठीची बाई, पण ती कशी धावत आली ते मला कळलंच नाही. तिनं आपला पंजा भिंत आणि त्याचं कपाळ यांच्यामध्ये घातला. तो आपटत होता तिच्या हातावर. बोटांची पेरं खरवडलेली, त्यावर जुने, वाळलेले वण होते. मी रडवेली होऊन काहीतरी बोलायला गेले, बहुधा माफी मागायला. तिनं माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"फक्की घ्या," ती म्हणाली. "मला सोडता येत न्हाई ह्याला. तुमी काढा."

मी डबा उचलला. डब्यानं काढू नका, चिमटीनं काढा, असं ती म्हणाली. मी त्याच्या पायापाशी उकिडवी बसले आणि चिमटीनं रेषा वळवायला लागले.

"हळू. एकदम वळवू नका. त्याच्या पायाला कळाय पाहिजे."

मी वीतभर काढली, मग आणखी वीतभर. त्याचं झुलणं चालूच होतं. दोन-अडीच हात रेषा झाली, तेव्हा त्याचं डावं पाऊल सरकून तिच्या काठाला लागलं. मग दुसरं पाऊल. मी उलटी उलटी सरकत रेषा काढत होते आणि तो माझ्यासमोर पाऊल पाऊल येत होता. आयुष्यात मी पुष्कळ वाटा काढल्या, पण माणूस मागे चालत असताना काढलेली ती एकच. पुसलेला तुकडा भरून गोल जुळला, तेव्हा माझे गुडघे सोलले होते. मल्लेशम जुळलेल्या रेषेवरून पुढे निघून गेला. थोड्या वेळानं धुक्यातून गुणगुणणं ऐकू यायला लागलं.

नरसूबाई भिंतीला टेकून बसली. मी तिच्या शेजारी बसले. मी विचारलं, "चिंधी कुठंय?"

"चार दिस झाले, सोडली. वाट संपत न्हाई, तर तो जातोय कुठं?"

"आणि मधला तो ठिपका? फूल वाहिलंय तो? देव आहे का तिथं?"

तिनं हातावरची फक्की पदराला पुसली.

"न्हाई. ती मी."

मला लगेच समजलं नाही. तिनं हातानं हवेत एक गोल काढून दाखवला आणि मध्ये बोट टेकवलं. आजवर ती त्याच्या मागे होती. आता तो तिच्याभोवती फिरणार होता, आणि ती मध्ये बसणार होती. एवढंच तिला हवं होतं.

बारा वाजून गेल्यावर सर आणि दासरीअण्णा आले, सोबत अण्णांचे दोन कार्यकर्ते आणि समोरचे कारखानदार. धुकं केव्हाच विरलं होतं आणि उन्हात सगळी बाग लख्ख दिसत होती. वस्ती कडेनं उभी होती. अण्णांनी फारसं इकडेतिकडे पाहिलं नाही. त्यांच्या मनात फवारा होता, फाटकातून दिसणारा, बरोबर मधोमध, वर त्यांच्या वडिलांचं नाव. कारखानदारांनी मल्लेशमकडे बोट दाखवून कुंपणाचा आणि पहारेकऱ्याचा विषय काढला. असल्यांना आत घेणार असाल तर आमची मुलं येणार नाहीत, असं ते म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं. ती खोक पडलेली पोर त्यांचीच नात होती.

सर माझ्याकडे वळले. "ताम्हनकर, ही वाट कागदावर अशी नव्हती. ही तुझी आहे का?"

आता नुसतं नाही म्हणून थांबले असते तरी चाललं असतं. कागद तयार होता, सही व्हायची होती, अण्णा खूश झाले असते.

"माझी नाही, सर," मी म्हटलं. "माझी वाट भिंतीवर जाऊन आपटते. आराखड्यात हीच घ्यायची. नाहीतर माझी सही नको."

मग मी कारखानदारांना घसरगुंडी दाखवली. ती बायकांनी वाटेपासून किती लांब नेलीय ते टेप लावून मोजून दाखवलं, मध्ये मेंदीची दाट रांग लावायचं सांगितलं. मल्लेशम वाट सोडत नाही, आपण वाटेत पोरांना उभं करायचं नाही, एवढंच. त्यांनी मान हलवली नाही, पण वादही घातला नाही. अण्णांना मात्र माझ्या बोलण्यात काही रस नव्हता. त्यांनी कार्यकर्त्याला फवाऱ्याची खुंटी मधोमध ठोकायला सांगितलं.

कार्यकर्ता खुंटी घेऊन गेला आणि पाकळ्यांच्या कडेला थबकला. "अण्णा, कुंकू हाय."

अण्णा स्वतः पुढे गेले. ते त्याच वस्तीत वाढलेले, त्यांच्या दारात रोज पहाटे मुग्गू पडत असणार. शेवंतीच्या फुलापाशी पोचल्यावर त्यांचे हात आपोआप खाली गेले आणि त्यांनी चपला काढल्या. मग त्यांनी नरसूबाईला तेलुगूत काहीतरी विचारलं. तिनं मान वर न करता तेलुगूतच उत्तर दिलं. बोम्मय्यांनी मला ते नंतर सांगितलं. कोणता देव बसवलाय, असं अण्णांनी विचारलं होतं. ती म्हणाली, देव नाही, मी बसणार आहे. अण्णा हसू शकले असते. कार्यकर्ता हसलाही. पण वाहिलेल्या कुंकवावर खुंटी ठोकायची कशी, हे काही त्यांना सुचेना. ते अनवाणी तसेच उन्हात उभे राहिले. मल्लेशम त्यांच्याभोवती एक फेरी घालून गेला, मग दुसरी.

"फवारा फाटकापाशी घ्या," अण्णा शेवटी म्हणाले. "तिथं नाव बी नीट दिसतंय."

बाग व्हायला सव्वा वर्ष लागलं. उद्घाटनाला मला जाता आलं नाही. त्यानंतर महिन्याभरानं दुसऱ्या एका कामासाठी सोलापूरला गेले, तेव्हा दुपारी दोनच्या सुमाराला वाट वाकडी करून मी तिथं गेले. ऊन चांगलंच तापलं होतं, बागेत फारसं कुणी नव्हतं. मल्लेशम होता. फरशीची वाट वळणावळणानं गोल झाली होती आणि तो तिच्या काठाकाठानं चालला होता, गुणगुणत.

मधल्या पाकळ्यांच्या जागी मी एक ओटा करून घेतला होता. बऱ्याच विचारानं केला होता. विड्या वळायचं सूप मांडीवर घेऊन बसता येईल एवढा रुंद, पानांची पाटी शेजारी ठेवता येईल असा, पाठीला टेकू. नरसूबाईला इथं बसून काम करता येईल, मल्लेशम डोळ्यांसमोर राहील, असं मी सरांना मोठ्या अभिमानानं सांगितलं होतं.

ओट्यावर सूप नव्हतं, पानं नव्हती. नरसूबाई ओट्यावर आडवी झाली होती. हात उशाला, तोंड किंचित उघडं. ती गाढ झोपली होती.

मी लांबच उभी राहिले. माझ्या मागून पहारेकरी काठी टेकत आला. नवीन होता, मला ओळखत नव्हता. "ही बाई रोजच झोपतीय बघा," तो म्हणाला, "दोन-दोन तास. बोर्डावर लिवलंय की, झोपू नये म्हणून." आणि तो तिला उठवायला निघाला.

मी त्याची काठी धरली. तो बोर्ड आमच्याच ऑफिसातून गेला होता, सगळ्या बागांना जातो तसा. तो वाचून मीच त्यावर सही केली होती. त्याला हे सगळं कसं सांगावं ते मला सुचेना. मी त्याला एवढंच म्हटलं की बोर्ड चुकलाय, उद्या बदलून मिळेल, तोवर तिला झोपू द्या.

आमच्या बोलण्यानं की काय, नरसूबाईनं डोळे उघडले. मला वाटलं, आता ती दचकून उठणार, मल्लेशमला शोधणार, धावणार. ती उठली नाही. तिनं मल्लेशमकडे पाहिलंही नाही. पदर सारखा केला, कूस बदलली आणि पुन्हा झोपली.